हौद्यात किती मावतं आणि गाडीला किती पेलतं

धसई म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मुरबाडची की शहापूरची? दोन्ही तालुक्यांत या नावाचं गाव आहे. पिकअपच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे चित्र सारखंच. हिवाळ्यात भेंडीचे क्रेट, उन्हाळ्यात विटा आणि वाळू, भातझोडणी झाली की पेंढा, मृगाच्या तोंडावर खताच्या गोण्या. शेतीला जोड म्हणून पोरं पिकअप घेतात, घरातलं सोनं मोडून आगाऊ रक्कम भरतात आणि पुढची चार-पाच वर्षं हप्ता फेडतात. एवढा मोठा निर्णय पारावरच्या ऐकीव गोष्टींवर होतो, याचं मला फार वाईट वाटतं. या गोष्टी एकदा नीट तपासून घ्यायला हव्यात.

सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे, 'हौदा भरेपर्यंत माल भरायचा, त्यासाठीच तर तो दिलाय.' हौदा ही जागा आहे, वजनाचं माप नव्हे. हिशेब करून बघा. १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद हौदा आणि दीड फुटाच्या फळ्या, म्हणजे साधारण ८२ घनफूट जागा. वाळूचा एक ब्रास १०० घनफुटांचा आणि कोरड्या वाळूचा ब्रास सुमारे साडेचार टनांचा. म्हणजे फळ्यांपर्यंत सपाट वाळू भरली की हौद्यात पावणेचार टनांच्या आसपास वजन येतं. ओली असेल तर त्याहून जास्त. या वर्गातल्या दणकट म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांची, टाटा योद्धा २.० किंवा महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.० ची, कागदावरची वहनक्षमता २ टन आहे. अशोक लेलँडची बडा दोस्त २०२० साली आली तेव्हा तिच्या आय४ ची क्षमता १,८६० किलो होती. टाटा इंट्रा व्ही५० ची १,५०० किलो आणि व्ही३० ची १,३००. थोडक्यात, अर्धा ब्रास वाळू टाकली तरी यातल्या मोठ्यात मोठ्या गाडीची मर्यादा ओलांडली जाते. विटेचंही तेच. एक वीट साधारण ३ किलोची धरली तर हजार विटांच्या फेरीचे ३ टन होतात.

उलट पेंढ्याची गाडी बघा. आकाशाला टेकेल एवढी रचाई असते, पण वजन मर्यादेच्या आतच राहतं. तिथे धोका वेगळा आहे. भार उंच गेला की वळणावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. भेंडीचे क्रेट या दोन्हींच्या मधले. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी आपल्या वर्षभराच्या मालाचं वजन मांडावं. 'कुठल्या कंपनीची घेऊ' हा प्रश्न त्यानंतरचा.

आणखी एक बारीक गोष्ट. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. या दोहोंतला फरक ही तुमची क्षमता. गाडी घेतल्यावर लोखंडी फ्रेम, उंच फळ्या, जाड पत्रा, मागे मोठा बंपर असं काही काही जोडलं जातं, आणि त्याचा प्रत्येक किलो या फरकातून वजा होतो. गॅरेजमधून तयार होऊन आलेली रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर नक्की चढवा. शे-दीडशे किलो तिथेच गेलेले दिसले तर नवल वाटू नये.

यावर पारावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, 'मागच्या कमानीत दोन पाटे वाढवून घे, मग तीन टनही उचलते.' पाटे वाढवल्यावर गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. ॲक्सल तोच, ब्रेक तेच, चेसिस तीच, टायर तेच आणि बेअरिंगही तीच राहतात. चाकातल्या टेपर रोलर बेअरिंगचं गणित अभियंत्यांनी फार पूर्वी मांडून ठेवलं आहे. भार दीडपट झाला तर तिचं आयुष्य सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतं आणि दुप्पट झाला तर दहाव्या हिश्श्यावर. पाट्यांनी गाडी सरळ उभी दिसते आणि मालकाला वाटतं, सोसतेय. बसलेली कमान निदान तोंडावर सांगते की भार जास्त झाला. ते सांगणंही आपण पाटे घालून बंद करतो. 'अमक्या कंपनीची गाडी टिकत नाही' अशी तक्रार ऐकली की मी आधी त्या गाडीच्या कमानीकडे बघतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच डोक्यावर. चार फेऱ्यांत वाचवलेलं डिझेल एका नाक्यावर निघून जातं.

आता ताकदीकडे वळू. 'सीसी जास्त तेवढी गाडी ताकदवान' हा समज कंपन्यांच्या आकड्यांनीच मोडीत निघतो. इसुझू डी-मॅक्सच्या मालवाहू गाडीचं इंजिन २,४९९ सीसीचं आणि टॉर्क १७६ न्यूटन-मीटर. इंट्रा व्ही५० चं इंजिन सुमारे १,५०० सीसीचं, पण टॉर्क २२०. टर्बो इंजिनात किती हवा कोंबतो आणि पंप किती डिझेल सोडतो, यावर हे ठरतं. आता याचा अर्थ लहान इंजिनच सरस असा काढू नये. तेवढंच काम लहान इंजिनाकडून घ्यायचं तर त्याला जास्त ताणावं लागतं, आणि मग ऑइल बदलायला झालेली हयगय ते कमी सहन करतं.

एचपी आणि टॉर्क यांतही अशीच गल्लत होते. शेताच्या बांधावरून भरलेली गाडी चढावर हलवायची असेल, तर कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क आणि पहिल्या गिअरचं प्रमाण कामाला येतं. तीच गाडी माळशेज घाट किती वेगानं चढेल, ते एचपीवर ठरतं. योद्धा २.० चं २.२ लिटरचं इंजिन १०० एचपी आणि २५० न्यूटन-मीटर देतं. ज्याला रोज घाट चढून जुन्नर-ओतूरकडे माल न्यायचा आहे, त्याला हा फरक जाणवेल. ज्याची गाडी धसई-मुरबाड-कल्याण एवढीच फिरते, त्याला हे जादा घोडे पोसावे लागतात, उपयोग थोडाच. गाडी चालवून बघायची तर भरून बघावी. रिकाम्या पिकअपमध्ये शोरूमच्या दारात मारलेला फेरा काहीच सांगत नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर 'उतारावर न्यूट्रल केली की डिझेल वाचतं' या समजाबद्दल मला जीव तोडून सांगायचं आहे. यात माणसं जातात. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि चाकांनी इंजिन फिरवायला घेतलं, की नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतः चालू राहण्यासाठी थेंब थेंब पीत राहतं. म्हणजे डिझेल वाचतच नाही, आणि इंजिनाचा अटकाव तेवढा हातचा जातो. मग सगळा भार ब्रेकवर. साडेतीन टनांची भरलेली गाडी ५०० मीटर उतरली, तर तिच्या वजनातून सुटणारी ऊर्जा ५० लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी असते. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात, पण बाकीची उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जिरवायची असते. लायनर तापले की पकड सुटते. ब्रेकचं ऑइल जुनं असेल तर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

बीएस-६ गाड्यांविषयीची भीती सगळीकडे आहे. 'जुनी गाडी हातोड्यानं दुरुस्त व्हायची, ही सेन्सरवाली खेड्यात टिकायची नाही.' यातलं एक खरं आहे की १ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या चुकीचं डिझेल आणि चुकीचं ऑइल माफ करत नाहीत. पण त्या नाजूक आहेत असं नाही. त्यांना बाधतं काय ते आधी समजून घ्यावं. इंजेक्टरमधून डिझेल हजार-दीड हजार बारच्या आणि त्याहूनही जास्त दाबानं फवारलं जातं. पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते त्या डिझेलमधूनच. त्यात रॉकेल मिसळलं तर वंगण संपतं. पावसाळ्यात घरातल्या अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये ओल धरते आणि ते पाणी टाकीत जातं. फिल्टरखालचा पाण्याचा निचरा वेळच्या वेळी काढणं हे पाच मिनिटांचं काम आहे. इंजेक्टर बदलायचा खर्च मात्र अख्ख्या हंगामाची कमाई खाऊ शकतो.

दुसरी तक्रार सायलेन्सरमधल्या काजळीच्या जाळीची, म्हणजे डीपीएफची. ही जाळी काजळी अडवते आणि गाडी बराच वेळ एका चालीनं धावली की सुमारे ६०० अंशांवर ती काजळी जाळून टाकते. आपल्याकडच्या फेऱ्या पाड्यावरून बाजारापर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या. तेवढ्यात ते तापमान गाठलंच जात नाही, जाळी भरते आणि दिवा लागतो. दिवा लागला की गाडी बंद करून मेकॅनिक शोधायची गरज नाही. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालवा, बहुतेक वेळा दिवा आपोआप जातो. ऑइल कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच घाला, कारण ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत साचून राहते. 'जाळीच काढून टाकतो, पिकअप वाढेल' असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. ते बेकायदा आहे आणि पासिंगच्या वेळी अडकवतं. शिवाय तो धूर आपल्याच अंगणात, आपल्याच पोरांच्या छातीत जातो. काही गाड्यांना युरियाचं द्रावण लागतं. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि शुद्ध पाण्याचं असतं. शेतातल्या गोणीतला युरिया बादलीत कालवून टाकीत ओतला, तर सगळी यंत्रणा बदलावी लागू शकते.

कागदपत्रांबद्दलचे दोन गैरसमज चटकन उरकता येतील. कार चालवण्याचा, म्हणजे एलएमव्हीचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला हे स्पष्ट केलं आहे. आणि 'डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात' हा आदेश दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशासाठी होता. आपल्याकडे गाडीचं भवितव्य फिटनेसवर ठरतं. अजून एक उपयोगी गोष्ट, एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असेल तर मालवाहू परमिट लागत नाही. इंट्रा व्ही५० चं एकूण वजन २,९४० किलो आहे, ते उगीच नाही.

राहिला मोल वसूल होण्याचा प्रश्न. 'स्वस्त गाडी म्हणजे कमी खर्च' आणि 'जास्त ॲव्हरेज म्हणजे जास्त नफा', दोन्ही अर्धवट. डिझेल ९० रुपये धरा. लिटरला १२ आणि १४ किलोमीटर देणाऱ्या दोन गाड्यांत किलोमीटरमागे १ रुपया ७ पैशांचा फरक पडतो, म्हणजे महिन्याला २,००० किलोमीटर धावणाऱ्याला साधारण २,१४० रुपये. हा आकडा लहान नाही. पण भाजीच्या ऐन दिवसांत गाडी तीन दिवस सुट्या भागासाठी उभी राहिली, तर त्याहून जास्त भाडं बुडतं. म्हणून पहिली चौकशी अशी करावी की क्लच प्लेट, लायनर, इंजेक्टर मुरबाडला मिळतात की कल्याणपर्यंत धावावं लागतं. बोलेरो पिकअपला जुन्या बाजारात गिऱ्हाईक पटकन मिळतं याचं मोठं कारण हेच. ती गावोगाव दिसते, तिचे भाग आणि ती ठाऊक असलेले मेकॅनिकही सगळीकडे आहेत. मग फेऱ्यांचा हिशेब बघा. मुरबाडची धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोखविरहित गाव म्हणून जाहीर झाली होती. आता तर बरंचसं भाडं फोनवरच जमा होतं. म्हणजे फेऱ्यांची नोंद आपोआप राहते. वर्षाची नोंद काढून त्यातल्या रिकाम्या परतीच्या फेऱ्या मोजल्या की कळतं, मोठी गाडी हवी की आहे तिलाच परतीचा माल शोधायला हवा.

शेवटचा गैरसमज माणसांबद्दलचा. पौष पौर्णिमेपासून म्हसा गावची यात्रा भरते, तेव्हा हौद्यात सतरंजी टाकून माणसं निघतात. लग्नाचं वऱ्हाड तसंच, वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं तशीच, मांडीवर तान्ही पोरं घेऊन. 'गाडीचा विमा आहे ना, मग काळजी कसली' असं मालक मनापासून समजतो. मालवाहू गाडीच्या विम्यात १९९४ च्या दुरुस्तीनं मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी धरला आहे. हौद्यात फुकट किंवा भाड्यानं बसलेल्या प्रवाशांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वीसेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे. गाडी कलंडली तर ती भरपाई मालकाच्या शेतावर आणि घरावर येते, आणि गेलेल्या घरच्यांच्या हाती अनेकदा काहीच पडत नाही. गाडी ताब्यात घेताना हप्त्याच्या कागदासोबत आरसीवरची आसनसंख्याही वाचा. तिथे लिहिलेलं असतं, ड्रायव्हर धरून दोन किंवा तीन.