खुनी कोण ते कळलंय, मग आता बघायचं काय?

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आमच्याकडे चार-पाच जण जेवायला होते. बाहेर बर्फ, घरी जायची कुणालाच घाई नाही, म्हणून मी मोठ्या उत्साहाने १९४४ सालचा ‘डबल इन्डेम्निटी’ लावला. पाच-सात मिनिटांतच नायकाने कबुली दिली की खून मी केला, पैशासाठी केला, एका बाईसाठी केला, आणि शेवटी दोन्ही हाती लागलं नाही. आमचा एक मित्र ताडकन म्हणाला, “अरे, सांगूनच टाकलं की! आता पुढचा दीड तास बघायचं काय?” आणि तो चहा टाकायला आत निघून गेला.

मला आधी राग आला. पण नंतर वाटलं, प्रश्न अगदी रास्त आहे. फिल्म न्वार म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

आपल्यातले बरेच जण वेगळ्याच शाळेत शिकलेत. बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं, होम्सचे अनुवाद, १९८५ मधला दूरदर्शनवरचा गाजर खाणारा ‘करमचंद’, मग बासू चॅटर्जींचा ‘ब्योमकेश बक्षी’. या सगळ्यांत बहुतेक वेळा करार ठरलेला असतो. लेखक खुन्याचं नाव दडवून ठेवणार, आपण ते ओळखायचा प्रयत्न करणार, आणि शेवटची पानं कुणी आधी फोडली तर त्याच्याशी दोन दिवस बोलायचं नाही. ही सवय घेऊन न्वार बघायला बसलं की निराशा होणारच. तिथे तो करारच नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. (हो, शेवटासकट. चित्रपट स्वतःच सांगतो, मग मी का लाजू?) वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला विमा एजंट. आपल्याकडे घरी येऊन सोफ्यावर ऐसपैस बसणारे एलआयसीवाले काका असत ना, त्याच व्यवसायातला, फक्त जास्त देखणा आणि जास्त चुरूचुरू बोलणारा. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणासाठी तो एका घरी जातो, तिथे त्याला फिलिस डीट्रिकसन भेटते. नवऱ्याला न कळता त्याच्या नावावर अपघात विमा काढायचा आणि मग ‘अपघात’ घडवायचा, असं दोघांचं ठरतं. विम्यात एक कलम असतं. रेल्वेगाडीतून पडण्यासारख्या क्वचित होणाऱ्या अपघातात मृत्यू आला तर दुप्पट रक्कम, म्हणजे ५० हजारांऐवजी एक लाख डॉलर. चित्रपटाचं नाव या कलमावरून आलंय. एलआयसीच्या कागदांवर ‘डबल ॲक्सिडेंट बेनिफिट’ हे शब्द ज्यांनी वाचलेत, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

हे सगळं नेफ आपल्याला भूतकाळात जाऊन सांगतो. खांद्यात गोळी लागलेली, रात्रीची वेळ, ऑफिस रिकामं, आणि तो डिक्टाफोनसमोर बसून आपल्या सहकाऱ्यासाठी, बार्टन कीजसाठी, निवेदन रेकॉर्ड करतोय. म्हणजे शेवट पहिल्यांदा. बिली वाइल्डर आणि सहलेखक रेमंड चँडलर यांनी असं का केलं असेल?

एक कारण त्या काळच्या नियमांत सापडतं. हॉलिवूडमध्ये १९३० साली एक आचारसंहिता तयार झाली आणि १९३४ पासून ती कडकपणे लागू झाली. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, गुन्हा आकर्षक दिसता कामा नये, खुनाची पद्धत कुणाला नक्कल करता येईल इतकी तपशिलात दाखवायची नाही. जेम्स एम. केनची ही मूळ कथा याच संहितेमुळे कित्येक वर्षं पडद्यावर येऊ शकली नव्हती. आता असं बघा, खुनी सुटणार नाही हे जर तिकीट काढतानाच प्रेक्षकाला माहीत असेल, तर ‘तो सुटेल का?’ यात रहस्य ते काय उरलं? वाइल्डरने तो पत्ता सरळ उघडा टाकला. शिक्षा होणार, कबूल. आता बघा कशी होते.

आणि या ‘कशी’मध्ये सगळी गंमत आहे. खुनानंतरचा प्रसंग घ्या. पाय मोडलेल्या नवऱ्याचं सोंग घेऊन नेफ कुबड्यांसकट गाडीत चढलाय, ठरल्या जागी उतरलाय, दोघांनी मिळून प्रेत रुळांवर ठेवलंय. आता मोटारीत बसून फक्त निघून जायचं. फिलिस किल्ली फिरवते. मोटार चालू होत नाही. पुन्हा फिरवते. पुन्हा नाही. दोघं एकमेकांकडे बघतात. कुठला पोलीस नाही, पाठलाग नाही, काहीच नाही, फक्त इंजिनाची खरखर.

त्या रात्री नेमक्या याच क्षणी आमचा मित्र चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “चालू हो ना, बाई!” खून करणाऱ्यांची गाडी चालू व्हावी असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. संहितेला प्रेक्षकांना धडा शिकवायचा होता. वाइल्डरने तिचा प्रत्येक नियम पाळला आणि तरीही प्रेक्षकाला खुन्याच्या शेजारच्या सीटवर नेऊन बसवलं. खुनी कोण हे लपवून ठेवलं असतं तर हे जमलंच नसतं, कारण ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यासाठी आपला जीव कसा वर-खाली होणार?

तसं पाहिलं तर शेवट माहीत असण्याची आपल्याला कधी अडचण नव्हती. कोकणात दशावताराला रात्रभर जागणारी माणसं राक्षस मरतो की नाही हे बघायला बसत नाहीत. कीर्तनातलं आख्यानही सगळ्यांना पाठ असतं. ‘स्पॉयलर’ची धास्ती ही बरीच अलीकडची गोष्ट.

बरं, ‘न्वार’ हा शब्द तरी कुठून आला? हे चित्रपट बनवणाऱ्यांना आपण न्वार बनवतोय हे माहीतही नव्हतं. जर्मनांच्या ताब्यात असताना फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम ढिगाने आले, आणि १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यांतल्या काहींना हा फ्रेंच शब्द लावला, अर्थ ‘काळा’. लांबून बघणाऱ्याला जे दिसलं ते जवळच्यांना दिसलं नव्हतं. आणि बनवणारे तरी कुठे जवळचे होते? वाइल्डर, फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक हे बर्लिनमध्ये काम केलेले आणि हिटलर आल्यावर देश सोडलेले लोक. कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात त्यांना सावल्याच जास्त दिसल्या. दुसऱ्या देशात राहून घरी वेगळी भाषा बोलणाऱ्यांना हे फार समजावून सांगायला नको.

सावल्यांचं म्हणाल तर, कृष्णधवल म्हणजे रंग नसलेला गरीब चित्रपट, हा समज आधी सोडा आणि खोलीतले दिवे घालवा. जॉन साइट्झच्या छायाचित्रणात फिलिसच्या घरी भरदुपारीसुद्धा अंधारलेलं आहे. खिडकीच्या पट्ट्यांमधून येणाऱ्या उजेडाचे आडवे पट्टे नेफच्या कोटावर पडतात. तुरुंगाचे गज, असा अर्थ लोक लावतात, लावू देत. मला त्यापेक्षा हवेत तरंगणारी धूळ आवडते. ती दिसावी म्हणून ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली होती. माणूस त्या घरात शिरतो आणि घर किती दिवस झाडलेलं नाही हे आपल्याला न सांगता कळतं.

दोष नाहीत असं नाही. बार्बरा स्टॅनविकचा सोनेरी टोप इतका खोटा दिसतो की पहिल्या भेटीत हसू येतं. आणि पुरुषाला नादाला लावणारी घातकी सुंदरी हा या चित्रपटांचा आवडता साचा आज खटकतो. नेफ स्वतःहून जाळ्यात उडी मारतो, पण खापर फुटतं फिलिसच्या डोक्यावर. फक्त हे लक्षात ठेवावं की गोष्ट नेफच सांगतोय. तो स्वतःला किती सूट देतोय, हे ऐकणंही बघण्याचाच भाग आहे.

आता टीव्हीकडे. याच उलट्या मांडणीवर एक अख्खी मालिका उभी राहिली, ती ‘कोलंबो’. १९६८ मध्ये पहिला टीव्ही-चित्रपट आला आणि १९७१ पासून नियमित मालिका. सुरुवातीला खून, तोही आपल्या डोळ्यांदेखत, आणि मग बऱ्याच वेळाने पीटर फॉकचा चुरगळलेल्या रेनकोटमधला लेफ्टनंट कोलंबो उगवतो. रेनकोट फॉकच्या स्वतःच्या कपाटातला. निर्माते लेव्हिन्सन आणि लिंक यांच्यासमोर दस्तयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला तपास अधिकारी पोर्फिरी होता. मला मात्र कोलंबो बघताना दर वेळी बार्टन कीजच आठवतो. एडवर्ड जी. रॉबिन्सनने साकारलेला तो विमा कंपनीचा दावे तपासणारा, तोंडात सिगार, कोट अस्ताव्यस्त, आणि काही खटकलं की जेवण न पचणारा.

फरक आहे तो आपण कुणाच्या बाजूला बसतो याचा. कोलंबोचे खुनी बहुतेक श्रीमंत आणि नामांकित, स्वतःच्या हुशारीवर खूश. बंगले त्यांचे, दारू उंची, आणि हा पोलीस मात्र जुनी प्यूजो घेऊन येतो, बायकोच्या गोष्टी सांगतो, दारापर्यंत जाऊन पुन्हा वळतो, अजून एकच विचारायचं राहिलं म्हणून. परदेशातल्या ऑफिसांत आपल्या उच्चारांवरून आपली हुशारी मोजली गेल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना तो दारातून मागे वळला की काय वाटतं ते मी सांगायला नको.

सुरुवात करायची असेल तर ‘मर्डर बाय द बुक’ हा सप्टेंबर १९७१ चा भाग बघा. दिग्दर्शक तेव्हा पंचविशीच्या आसपासचा स्टीव्हन स्पीलबर्ग. रहस्यकथा लिहिणाऱ्या जोडीतला एक लेखक दुसऱ्याचा काटा काढतो. सुरुवातीला मोटार येताना दिसते, पण ऐकू येतो तो टाइपरायटरचा खडखडाट, बाकी काही नाही. खुनी वर येतोय आणि बळी निवांत टंकलेखन करतोय. अलीकडच्यांपैकी २०२३ ची ‘पोकर फेस’ याच पद्धतीची आहे.

आमचा मित्र त्या रात्री शेवटपर्यंत बसला. चित्रपटभर एक बारीकसा खेळ चालतो. कीजजवळ सिगार असतो पण काडेपेटी कधीच नसते, दर वेळी नेफच नखाने काडी ओढून त्याला पेटवून देतो. शेवटी रक्ताने माखलेला नेफ ऑफिसच्या दारात कोसळतो, त्याला सिगरेट ओठांत धरता येते पण काडी ओढता येत नाही, आणि या वेळी काडी कीज ओढतो. यानंतरचा गॅस चेंबरमधल्या शिक्षेचा प्रसंग वाइल्डरने चित्रित केला होता, पण नंतर काढून टाकला. गरज उरली नव्हती. मित्र काही बोलला नाही. घरी पोचल्यावर त्याचा मेसेज आला, की पुढच्या शनिवारी परत लाव, सुरुवातीच्या काड्या माझ्या बघायच्या राहिल्यात.