४४ घनमीटर आणि १३ सेकंद

१५ जिने, १८७ पायऱ्या, ७.७ मीटर उंची आणि ४४ घनमीटर लाकूड. सप्टेंबर २०१३मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयासमोर ‘एंडलेस स्टेअर’ उभा राहिला तो एवढ्या सामानावर. एक जिना चढावा तर तो दुसऱ्याला जाऊन मिळतो, दुसरा तिसऱ्याला. चित्रकार एशरच्या चक्रावून टाकणाऱ्या जिन्यांवरून सुचलेली ही रचना. आराखडा डीआरएमएम या वास्तुरचनाकारांचा, अभियांत्रिकी अरुपची. आपल्याकडे लाकडाचा भाव घनफुटात सांगतात. त्या मापाने हे लाकूड साधारण १,५५० घनफूट भरते.

लाकूड होते अमेरिकन ट्यूलिपवुड. अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणारे हे झाड आपल्या सोनचाफ्याच्या कुळातले. व्यापारात ते ‘हार्डवुड’ म्हणून ओळखले जाते आणि इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड नव्हे, तर रुंद पानांच्या झाडाचे लाकूड. देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड. सागाचे वजन घनमीटरला ६५० किलोच्या आसपास, ट्यूलिपवुडचे सुमारे ४५५ आणि विमानांच्या प्रतिकृतींसाठी वापरतात त्या बाल्साचे जेमतेम १६०. तिन्ही हार्डवुडच! ट्यूलिपवुड हलके असूनही दमदार आहे. पातळ फळ्यांचे थर आलटूनपालटून उभे-आडवे चिकटवून मोठे पटल करतात. अशा पटलात थर एकमेकांवरून सरकू पाहतात. तो ताण सोसण्यात ट्यूलिपवुड नेहमीच्या स्प्रूस या सॉफ्टवुडपेक्षा सुमारे तिप्पट सरस ठरले.

आता जंगलाकडे वळू. अमेरिकेच्या वन सेवेच्या मोजणीनुसार तिथल्या जंगलांत १९५३ साली रुंदपानी झाडांचे सुमारे ५२० कोटी घनमीटर लाकूड उभे होते. २०१७पर्यंत ते सुमारे १,२०० कोटींवर गेले. तोड वजा जाऊन ६४ वर्षांत ६८० कोटींची भर, म्हणजे वर्षाला साडेदहा कोटी, सेकंदाला जवळजवळ ३.४ घनमीटर. त्या जिन्याचे ४४ घनमीटर भरून निघायला १३ सेकंद लागले असे म्हणता येईल.

हा आकडा खरा आहे, पण त्यावर थांबू नये. त्या जिन्यासारखी कामे अमेरिकी हार्डवुड निर्यातदारांच्या परिषदेने पुढाकार घेऊन करवून घेतली आहेत आणि असा आकडा तिच्या सोयीचा आहे. मोजणी सरकारी आहे, म्हणून ती मी मानतो. पण वाढीचे कारणही पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकात शेतीसाठी पूर्वेकडची जंगले बेसुमार तोडली गेली. पुढे ती शेते पडीक टाकली गेली आणि जंगल आपसूक परतले. आजच्या वाढीत मोठा वाटा त्या जुन्या जखमेच्या भरून येण्याचा आहे. शिवाय ही सगळ्या जातींची मिळून बेरीज आहे. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा आशियातून आलेला भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून अ‍ॅशची कोट्यवधी झाडे मेली आहेत. एकूण बेरजेत ही हानी दिसतसुद्धा नाही.

म्हणून किती लाकूड, याइतकाच कोणते लाकूड हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. फर्निचरची फॅशन अक्रोड आणि पांढऱ्या ओकमागे धावते, जंगलात मात्र तांबडा ओक मुबलक. त्याला गिऱ्हाईक कमी. इथे डिझायनर खरोखर काही करू शकतो. २०११च्या लंडन डिझाइन फेस्टिव्हलमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दारात उभी राहिलेली १२ मीटर उंच ‘टिंबर वेव्ह’ तांबड्या ओकचीच होती. २०२०च्या टाळेबंदीत नऊ डिझायनरांनी घरून काम करण्यासाठी स्वतःपुरते एकेक टेबल आणि बैठक आखली. त्यांच्यापुढे लाकडे तीनच होती: तांबडा ओक, चेरी आणि मेपल. बाजाराने मागे टाकलेल्या जाती मुद्दाम पुढे केल्या गेल्या आणि मला हे त्या कोणत्याही एका टेबलाहून मोठे काम वाटते.

कार्बनचा हिशेब कागदावर कुणालाही करता येतो. ट्यूलिपवुडच्या एका घनमीटरमधले पाणी वगळले की सुमारे ४०० किलो सुके लाकूड उरते. त्यात निम्मा कार्बन, म्हणजे २०० किलो. त्याला ३.६७ने गुणले की हवेतून शोषलेला कार्बन डायऑक्साइड मिळतो: सुमारे ७३५ किलो. ४४ घनमीटरचे ३२ टन झाले. यातून करवत, भट्टी आणि जहाज यांचा खर्च वजा करायचा आहेच. पण खरी अट वेगळी आहे. हा कार्बन लाकूड टिकेल तोवरच कोंडलेला राहतो. कुजले किंवा जाळले की परत हवेत. महोत्सवातली कलाकृती काही आठवडेच उभी असते. तिचे पुढे काय होते, यावर सगळे ठरते. २०१८ची ‘मल्टिप्लाय’ ही अशीच एक कलाकृती मुळातच सुटी करून पुन्हा जोडता येईल अशी बांधली होती. पुढच्याच वर्षी ती मिलानमध्ये उभी राहिली.

जिन्याच्या अनुभवातून त्याच डीआरएमएमने २०१७मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला, रुग्णालयाच्या आवारात, कर्करुग्णांसाठी ‘मॅगीज’ हे आधारकेंद्र बांधले. ट्यूलिपवुडच्या थरांच्या पटलांतून उभी राहिलेली ही पहिली कायमस्वरूपी इमारत. ती खांबांवर तोललेली आहे. खाली बाग आणि मधल्या मोकळ्या जागेतून वर गेलेले एक झाड. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना गार वस्तूला हात लागला तरी वेदना होतात, म्हणून तिथल्या दारांच्या मुठी धातूच्या नाहीत, ओकच्या आहेत. या सगळ्या कामांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.