व्हिडिओ खेळांचे यंत्रांतर

एका विशिष्ट यंत्रासाठी तयार केलेला व्हिडिओ खेळ दुसऱ्या, बहुधा नव्या यंत्रावर खेळता यावा म्हणून त्याच्या आज्ञावलीत, चित्रांत व ध्वनीत आवश्यक ते फेरफार करण्याच्या क्रियेस यंत्रांतर म्हणतात. व्यवसायात ही क्रिया पोर्टिंग या नावाने ओळखली जाते. ग्रंथाची नवी आवृत्ती काढण्याशी तिची तुलना करता येईल. परंतु ती अपुरी ठरते. ग्रंथातील मजकूर कोणत्याही कागदावर छापला तरी तोच राहतो. व्हिडिओ खेळ मात्र यंत्राची गती, स्मृती व पडदा यांच्याशी इतका निगडित असतो की, यंत्र बदलले म्हणजे खेळही बदलण्याचा संभव असतो. त्यामुळे चित्रे हुबेहूब दिसणे एवढ्याने यंत्रांतर साधत नाही. खेळाची लय आणि कळ दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद टिकून राहणे, ही त्याची खरी कसोटी होय. बाजूने सरकणाऱ्या पडद्याचे जुने साहसी खेळ या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहेत.

सरकत्या पडद्याची यंत्रणा : या प्रकारात पात्र बाजूने दिसते व ते पुढे धावू लागले म्हणजे पार्श्वभूमी मागे सरकते. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये विक्रीस आणलेल्या फॅमिली कॉम्प्युटर या खेळयंत्रात ही योजना स्पष्टपणे दिसते. या यंत्राचा प्रक्रियक सेकंदाला सु. १७·९ लक्ष स्पंदांच्या गतीने चाले व त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट होती. पडद्यावर आडवे २५६ व उभे २४० बिंदू असत. पार्श्वभूमी ८ × ८ बिंदूंच्या चौकटींनी बनविलेली असे. एका पडद्यास ३२ × ३०, म्हणजे ९६० चौकटी लागत. स्मृतीत संपूर्ण चित्र न साठविता केवळ चौकटींचे क्रमांक साठविले जात. चित्रमंडलात दोन पडद्यांपुरती जागा असे. त्यांतील कोणत्या बिंदूपासून चित्र दाखवावयाचे, तो आकडा बदलला की पडदा सरके आणि दृष्टीआड असलेल्या कडेला पुढच्या चौकटींचा स्तंभ लिहिला जाई.

पात्रे, शत्रू, गोळ्या इ. हलत्या आकृतींना स्प्राइट म्हणतात. एका वेळी अशा ६४ आकृती दाखविता येत; मात्र पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक उमटत नसत. जादा आकृती आळीपाळीने दाखविण्याची युक्ती आज्ञावलीकार योजीत व त्यामुळे त्या लुकलुकत. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) हा खेळ एकूण ४० किलोबाइटमध्ये बसविलेला होता. त्यातील ढग व झुडपे यांची आकृती एकच असून केवळ रंग निराळे आहेत. सारांश, यंत्राची मर्यादा हीच पुष्कळदा खेळाच्या रूपाचे कारण असते.

यंत्रांतरातील अडचणी : पहिली अडचण कालमापनाची. जुन्या खेळांत पात्राची जागा पडद्यावरील प्रत्येक नव्या चित्राबरोबर ठरलेल्या अंतराने बदलली जाई. जपान व अमेरिका येथील दूरचित्रवाणी संचांवर अशी चित्रे सेकंदाला सु. ६० उमटत, भारत व बहुतेक यूरोप येथे ५०. ६० च्या तालावर लिहिलेला खेळ फेरफार न करता ५० च्या तालावर चालविल्यास त्याची गती पाच-षष्ठांश होते. एका मिनिटात पार होणाऱ्या वाटेस ७२ सेकंद लागतात, उडी जड वाटते व संगीतही रेंगाळते. सुपर मारिओ ब्रदर्सच्या यूरोपीय आवृत्तीत हा फरक भरून काढण्यासाठी हालचालींचे आकडे बदलावे लागले.

दुसरी अडचण पडद्याच्या आकाराची. जुन्या संचांच्या पडद्याचे रुंदी-उंचीचे प्रमाण ४ : ३ होते, नव्या पडद्यांचे १६ : ९ असते. चित्र नुसते ताणल्यास आकृती बसक्या दिसतात. पार्श्वभूमी अधिक रुंद दाखविल्यास शत्रू आधीच नजरेस पडतो व खेळ सोपा होतो. अनेक खेळांत शत्रू पडद्याच्या कडेजवळ आल्यावरच जागा होतो. कड दूर गेल्यास ही सर्व गणिते पुन्हा मांडावी लागतात.

तिसरी अडचण प्रतिसादाची. काचनळीच्या जुन्या संचावर चित्र जवळजवळ तत्काळ उमटे. नव्या सपाट संचांत चित्रावर प्रक्रिया होऊन ते दिसेपर्यंत विलंब लागू शकतो. सेकंदाला ६० चित्रे असताना एका चित्राचा काळ सु. १६·७ मिलिसेकंद असतो; अशा काही चित्रांचा उशीर झाला तरी सरावलेल्या खेळाडूची उडी चुकते. याउलट, पडद्यावर गर्दी झाली म्हणजे जुने यंत्र मंदावत असे व त्या क्षणी खेळाडूला उसंत मिळे. नवे यंत्र मंदावत नाही, त्यामुळे तोच प्रसंग अधिक कठीण होतो. असा दोष काढून टाकावा की राखावा, हा यंत्रांतर करणाऱ्यापुढील नित्याचा प्रश्न आहे.

पद्धती : यंत्रांतराच्या मुख्य पद्धती तीन. (१) पुनर्लेखन : मूळ खेळ समोर ठेवून नव्या यंत्रासाठी आज्ञावली नव्याने लिहितात. कोनामी कंपनीचा काँट्रा हा खेळ १९८७ मध्ये नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रासाठी निघाला. त्या यंत्राचा पडदा उभा होता. १९८८ च्या घरगुती आवृत्तीत आडव्या पडद्यासाठी त्याची मांडणी बदलण्यात आली. पुढे ही घरगुती आवृत्तीच अधिक लोकप्रिय झाली. (२) अनुकरण : नव्या यंत्रावर जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली चालवितात व तिच्यावर मूळ खेळ फेरफार न करता चालतो. निन्टेंडोने २००६ मध्ये सुरू केलेली व्हर्च्युअल कन्सोल ही सेवा याच तत्त्वावर आधारलेली होती. (३) मूळ आज्ञावलीचे रूपांतर : माणसास वाचता येणारी मूळ आज्ञावली उपलब्ध असल्यास तिच्यातील यंत्रविशिष्ट भाग तेवढे बदलतात.

नवे यंत्र अधिक वेगवान असले म्हणजे यंत्रांतर सुकर होतेच असे नाही. सेगा कंपनीचा सोनिक द हेजहॉग (१९९१) हा खेळ २००६ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातयंत्रावर आणण्यात आला. या यंत्राच्या प्रक्रियकाची स्पंदगती मूळ यंत्राच्या दुपटीहून अधिक होती. तरीही मंद गती व अडखळता पडदा यांमुळे ही आवृत्ती टीकेस पात्र ठरली. याउलट, सोनिक सीडी (१९९३) या खेळाची ख्रिश्चन व्हाइटहेड यांनी २०११ मध्ये स्वतःच्या यंत्रणेवर पुन्हा उभारणी केली. तीत रुंद पडदा आला, तरी धावण्या-उडण्याची मूळ लय कायम राहिल्याने ती वाखाणली गेली.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. भारताने ६२५ रेषांची व ५० च्या तालाची प्रसारणपद्धती स्वीकारलेली होती. १९९० नंतरच्या दशकात ‘टीव्ही गेम’ या नावाने विकली जाणारी, फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल असलेली यंत्रे मुंबई-पुण्याप्रमाणेच अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या घरांतही दिसू लागली. त्यांच्या खेळपेट्यांस सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. एकाच कॅसेटमध्ये अनेक खेळ भरलेले असत व मारिओ आणि काँट्रा यांना विशेष मागणी असे. यांपैकी जी यंत्रे ५० च्या तालावर चालत, त्यांवर हे खेळ मूळ गतीहून संथ भासत. त्या काळच्या खेळाडूस आजची ६० च्या तालावरील अधिकृत आवृत्ती काहीशी घाईची वाटली, तर तो केवळ वयाचा परिणाम नव्हे. खेळाची ‘मूळ’ आवृत्ती कोणती, या प्रश्नाचे उत्तर स्थलपरत्वे निराळे असू शकते, हे यावरून लक्षात येते.

एकच खेळ अनेक यंत्रांवर नेण्याचे काम महाराष्ट्रातही झाले आहे. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा साहसी खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला व ऑक्टोबर २०२० मध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांवर आला. तो सरकत्या पडद्याच्या जुन्या प्रकारातील नसला, तरी निरनिराळ्या क्षमतेच्या यंत्रांवर एकच अनुभव देण्याची अडचण तेथेही तीच असते. अशा खेळांसाठी अनरिअल एंजिनसारख्या सामायिक यंत्रणा वापरतात. आज्ञावलीचा बराच भाग यंत्रनिरपेक्ष राहत असल्याने यंत्रांतराचे श्रम त्यामुळे कमी होतात.

जतन व कायदा : यंत्रांतर झाले नाही तर जुने यंत्र नादुरुस्त होताच खेळही लुप्त होण्याचा धोका असतो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार २०१० पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सु. ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. केवळ जालावरून विकले जाणारे खेळ तर दुकान बंद होताच नाहीसे होतात. स्कॉट पिलग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड : द गेम हा सरकत्या पडद्याचा खेळ २०१० मध्ये निघाला, २०१४ च्या अखेरीस विक्रीतून काढला गेला व २०२१ मध्ये यंत्रांतर होऊनच परत आला.

मूळ आज्ञावली जपून ठेवण्याचे महत्त्व प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९) या खेळावरून दिसून येते. जॉर्डन मेकनर यांनी तो ॲपल २ या संगणकासाठी लिहिला. त्यात पडदा सरकत नाही, एकेक दालन बदलते. परंतु बाजूने दिसणाऱ्या साहसी खेळांत त्याचे स्थान मोठे आहे. स्मृती अपुरी पडल्याने नायकाच्याच आकृतींवर गणिती क्रिया करून त्याचा प्रतिस्पर्धी छायापुरुष निर्माण करण्यात आला. पुढील अनेक यंत्रांतरांत तो कायम राहिला. हरवली असे समजली गेलेली या खेळाची मूळ आज्ञावली २०१२ मध्ये जुन्या चकत्यांवर सापडली आणि ती सर्वांसाठी प्रसिद्ध करण्यात आली.

भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश १९८४ च्या दुरुस्तीने झाला. आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्यास ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते; मात्र यंत्रांतर करून विक्री करण्यास प्रताधिकारधारकाची अनुज्ञा लागते. खेळातील संगीत व चित्रे यांचे अधिकार पुष्कळदा निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. त्यांपैकी एकाची संमती न मिळाल्यासही काम अडते. यामुळे जुन्या खेळाचे यंत्रांतर तांत्रिक कौशल्याइतकेच मूळ आज्ञावली, यंत्राच्या कालमापनाच्या नोंदी व करारपत्रे यांच्या वेळीच केलेल्या जतनावर अवलंबून असते.