ऊन, कातडी आणि न भरणारी जखम



मागच्या उन्हाळ्यात न्हावरे परिसरातल्या एका वस्तीवर एका आजींनी कमरेवरचा चट्टा दाखवला. परकराची नाडी बसते, बरोबर तिथे. "वरीस झालं ताई. पिकतंय, सुकतंय, परत पिकतंय. उन्हानं झालं असंल," त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. सुदैवाने तपासणीत कर्करोग निघाला नाही. पण वर्षभर थांबणे योग्य नव्हते. म्हणून हा विषय.

आधी उन्हाचे पाहू. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते कातडीच्या पेशींना आतून इजा करतात. ही इजा वर्षानुवर्षे साठत जाते आणि त्यातून कधी कर्करोग होऊ शकतो. हे किरण म्हणजे उष्णता नव्हे. गार वारा असला, आभाळ थोडे भरलेले असले, तरी ते पोहोचतात.

आपल्या कातडीचा सावळा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. हे द्रव्य किरण बऱ्याच प्रमाणात अडवते. म्हणूनच उन्हामुळे होणारा कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांत जास्त आणि आपल्याकडे कमी दिसतो. पण काही जणांना हे कवच पुरत नाही.

पहिली, जन्मतः रंगहीन असलेली मुले. यांचे केस पांढरट, डोळे उजेडात मिटणारे. हे कोड नव्हे, शापही नव्हे. त्यांच्या अंगात मेलॅनिन फार कमी असते, म्हणून ऊन त्यांना सर्वांत घातक. अशा मुलाला दुपारी गुरांमागे किंवा उसाच्या फडात पाठवू नका. शाळेत त्याला खिडकीपासून दूर, पण फळ्याजवळ बसवायला सांगा.

दुसरे, जुन्या भाजल्याच्या खुणा असलेले. कोळसा पाडणाऱ्या कुटुंबांत आणि चुलीजवळ वाढलेल्या मुलांत अशा खुणा नेहमी दिसतात. त्या जागेची कातडी कमजोर असते. तिथे वारंवार जखम होत राहिली, तर बऱ्याच वर्षांनी कर्करोग होऊ शकतो.

तिसरी, कमरेची जागा. 1945 साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी धोतर कमरेला घट्ट बांधल्याने होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. इथे दोष उन्हाचा नाही. रोजचा काच, घाम आणि तीच ती जागा, हे त्याचे कारण. असा आजार क्वचितच होतो. पण आजींचा चट्टा तपासून घेणे गरजेचे होते ते याचसाठी.

मग करायचे काय?

सावली बघा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की अतिनील किरण जोरात असतात. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी सावली पायाखालीच जाते. शक्य ती कामे सकाळी लवकर उरका.

कामाला जाताना आपल्या बाया साडीवर जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. ही पद्धत उत्तम आहे, मोडू नका. डोक्याला पदर किंवा टॉवेल असा घ्या की कान आणि मानही झाकली जाईल. डोळे जपा, उन्हामुळे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो.

नाडी सैल बांधा. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा आणि बांधायची जागा अधूनमधून बदला.

आणि सर्वांत महत्त्वाचे: महिनाभरात न भरलेली जखम, वाढणारी गाठ, तळपायावर किंवा नखाखाली पसरणारा काळा डाग, यांवर घरचा लेप लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथून गरज पडल्यास पुण्याला ससूनला पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे; जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो," या भीतीने पुष्कळ जण तपासणी टाळतात. ही भीती खरी नाही. तुकडा तपासल्याशिवाय आजार नक्की कळत नाही, आणि लवकर कळला तर कातडीचा कर्करोग बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.

पुढच्या वेळी वस्तीवर गेलात, तर एवढे जरूर विचारा: "मावशी, न भरलेली जखम आहे का कुठं?"