परीक्षा पुन्हा द्यावी काय?

व्यवस्थापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणारे लक्षावधी भारतीय तरुण दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस एकाच परीक्षेला बसतात. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या वतीने घेतली जाणारी ही सामाईक प्रवेश परीक्षा ‘कॅट’ या संक्षिप्त नावाने सर्वपरिचित आहे. अशा पहिल्या दोन संस्था 1961 साली कलकत्ता व अहमदाबाद येथे स्थापन झाल्या. आज त्यांची संख्या वीसच्या वर गेली असून, इतरही अनेक शिक्षणसंस्था या परीक्षेचे गुण ग्राह्य धरतात. 2024 साली सुमारे 2 लाख 93 हजार उमेदवारांनी ही परीक्षा दिली. नामवंत संस्थांतील जागा मात्र काही हजारच असल्यामुळे, बहुसंख्य उमेदवारांची इच्छा अपुरी राहणे अपरिहार्य असते. निकाल हाती आल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की जे मिळत आहे ते स्वीकारावे, की पुढील वर्षी पुन्हा परीक्षेला बसावे?

या प्रश्नावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. प्रयत्न सोडू नये असे काहीजण सांगतात, तर वर्ष वाया घालवू नये असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही उपदेश आपापल्या जागी योग्य आहेत. तथापि एखाद्या विशिष्ट उमेदवाराला त्यांपैकी कोणता लागू पडतो, हे उपदेशावरून कळत नाही. ते कळण्यासाठी परीक्षेचे गुण कशाचे दर्शक आहेत आणि प्रवेशाच्या निर्णयात त्यांचे स्थान कोणते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

गुणांचा अर्थ

अलीकडील स्वरूपानुसार ही परीक्षा 120 मिनिटांची असते. भाषिक आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकास 40 मिनिटे दिली जातात. 2024 साली तिन्ही विभागांत मिळून 68 प्रश्न होते. बरोबर उत्तरास 3 गुण मिळतात आणि पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास 1 गुण वजा होतो. परीक्षा एकाच दिवशी तीन सत्रांत होत असल्याने, सत्रांच्या काठिण्यातील फरक दूर करण्यासाठी या गुणांचे एका समान श्रेणीत रूपांतर करतात.

उमेदवाराचे लक्ष असते ते यानंतर ठरणाऱ्या शततमकाकडे, म्हणजेच ‘पर्सेंटाइल’कडे. शततमक 90 आहे याचा अर्थ 90 टक्के प्रश्न बरोबर आले असा नसून, सुमारे 90 टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत असा आहे. 2024 च्या संख्येवरून हिशेब केल्यास 90 शततमकाच्या उमेदवारापुढे सुमारे 29 हजार, तर 95 शततमकाच्या उमेदवारापुढे सुमारे साडेचौदा हजार उमेदवार असतात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. पुढील वर्षी आपले ज्ञान वाढले, परंतु इतरांचेही तितकेच वाढले, तर शततमक जागचा हलणार नाही. ‘अधिक अभ्यास करीन’ एवढा निश्चय म्हणूनच अपुरा ठरतो. असा निश्चय करणारे हजारो असतात.

योगायोगाचा वाटा

कोणत्याही परीक्षेतील गुण दोन गोष्टींनी मिळून बनतात, असे मानसशास्त्रीय मापनाचे अभ्यासक मानतात. एक, उमेदवाराची खरी पातळी, आणि दुसरी, त्या दिवशीचा योगायोग. प्रश्नसंख्या थोडी असेल तर योगायोगाचा वाटा वाढतो. उदाहरणार्थ, तर्काच्या विभागात एकाच माहितीवर आधारलेले चार-पाच प्रश्न एकत्र येतात. योग्य संच प्रथम हाती घेतला तर दहा मिनिटांत बारा गुण मिळू शकतात. चुकीचा संच निवडला तर तेवढाच वेळ निष्फळ जातो. अपुरी झोप, साधा ज्वर, केंद्रावरील गोंगाट यांचाही परिणाम होतोच.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली आईवडील व त्यांची मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अतिशय उंच आईवडिलांची मुले सरासरीहून उंच, तरी आईवडिलांइतकी उंच नसतात, असे त्यांना सर्वसाधारणपणे आढळले. सरासरीपासून फार दूर गेलेल्या निरीक्षणानंतरचे निरीक्षण सरासरीच्या अधिक जवळ येण्याचा संभव असतो. हेच तत्त्व परीक्षेलाही लागू पडते. नेहमीच्या पातळीहून फार खाली गेलेला उमेदवार, विशेष काही न करताही, पुढच्या वेळी वर येण्याचा संभव अधिक; आणि नेहमीच्या पातळीहून फार वर गेलेला उमेदवार पुढच्या वेळी खाली येण्याचा संभव अधिक.

आपली नेहमीची पातळी कोणती, हे सराव परीक्षांच्या नोंदींवरून ताडता येते. समजा, दोन उमेदवारांना शेवटच्या आठ-दहा सराव परीक्षांत 88 ते 92 शततमक मिळत होते. प्रत्यक्ष परीक्षेत एकाला 82 आणि दुसऱ्याला 94 मिळाले, परंतु इच्छित संस्थेसाठी तेही अपुरे पडले. दुसऱ्या उमेदवाराला साहजिकच वाटते की आता थोडेसेच अंतर उरले आहे. वस्तुतः दैवाने त्याला आधीच हात दिलेला आहे. पुन्हा बसण्यास सबळ कारण आहे ते पहिल्या उमेदवारापाशी.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सराव परीक्षा देणारा समुदाय आणि प्रत्यक्ष परीक्षेचा समुदाय एक नसतो, म्हणून दोन्हींतील शततमक तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय, ज्या उमेदवाराला प्रत्येक महत्त्वाच्या परीक्षेत सरावापेक्षा कमी गुण पडतात, त्याने त्या घसरणीस योगायोग म्हणू नये. वेळेच्या दडपणाखाली होणारी ती त्याची नित्याची कामगिरी होय, आणि ती सुधारण्याचा उपाय निराळा असतो.

अडसर गुणांचाच आहे काय?

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते या प्रश्नाकडे. प्रवेश केवळ या परीक्षेवर ठरत नाही. अहमदाबाद, बंगळूर यांसारख्या संस्था मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना दहावी, बारावी व पदवी परीक्षांतील गुण आणि नोकरीचा अनुभव यांचाही विचार करतात. शिवाय प्रत्येक विभागात किमान शततमक गाठावा लागतो. ही किमान मर्यादा संस्थेनुसार आणि प्रवर्गानुसार बदलते. मुलाखतीनंतरच्या अंतिम यादीत तर मुलाखतीलाही मोठे वजन असते.

दहावी-बारावीचे गुण आता बदलणे शक्य नाही. म्हणून ज्या संस्थेत ते मोठा अडसर ठरतात, तेथे परीक्षेत दोन-तीन शततमकांची वाढ झाली तरी फळ पदरात पडेलच असे नाही. ज्याची बेरीज उत्तम असूनही एकाच विभागाची मर्यादा थोडक्यात हुकली, त्याची स्थिती मात्र पुष्कळच आशादायक असते, कारण दोष नेमका कोठे आहे हे त्याला ठाऊक असते. जो मुलाखतीत मागे पडला, त्याने गणिताची आणखी पुस्तके सोडविण्याऐवजी आपले विचार व्यवस्थित मांडण्याचा अभ्यास करणे श्रेयस्कर. संस्था आपले निवडीचे निकष दर वर्षी जाहीर करतात. कागद-पेन्सिल घेऊन आपली संभाव्य बेरीज मांडून पाहिल्यास, किती गुण वाढल्याने निकाल बदलला असता, हे बऱ्याच अंशी समजते.

एका वर्षाचे मोल

पुन्हा परीक्षा देण्याचा खर्च सर्वत्र सारखा नसतो. परदेशांतील व भारतातील काही संस्था मानतात ती ‘जीमॅट’ परीक्षा सोळा दिवसांच्या अंतराने पुन्हा देता येते, आणि तिचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. तेथे दुसऱ्या प्रयत्नासाठी शुल्क आणि काही आठवडे खर्ची पडतात. ‘एनमॅट’ ही परीक्षाही एकाच हंगामात तीन वेळा देता येते. ‘कॅट’ मात्र वर्षातून एकदाच होते आणि तिचे गुण त्या एका प्रवेशवर्षापुरतेच चालतात. तिला वयाची वा प्रयत्नांची मर्यादा नाही, त्यामुळे थांबण्याची रेषा ज्याची त्यालाच आखावी लागते.

वर्षाचे मोल केवळ शिकवणीच्या शुल्कात मोजून भागत नाही. त्या काळात जे वेतन मिळाले असते, जो प्रवेश नाकारला, शिक्षण पूर्ण करून जी नोकरी एक वर्ष आधी लागली असती, ते सर्व या हिशेबात धरावे लागते. उलटपक्षी, नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याचे वर्ष सर्वस्वी वाया जात नाही, कारण अनेक संस्था अनुभवालाही काही गुण देतात. घरची आर्थिक ओढ असलेल्या उमेदवाराला हा मार्ग विशेष हितावह वाटेल. याउलट, नोकरी सोडून पूर्णवेळ तयारी करणाऱ्याची जोखीम सर्वांत मोठी. दुसऱ्या वेळी यश न आल्यास त्याच्यापाशी गुणही नसतात आणि अनुभवही नसतो.

आधीच्या तयारीवर झालेला खर्च मात्र या हिशेबातून वगळला पाहिजे. ‘दोन वर्षे घातली, आता माघार कशी घ्यावी?’ हा विचार स्वाभाविक असला तरी, पुन्हा बसल्याने ती दोन वर्षे परत मिळत नाहीत. विचार करावयाचा तो पुढच्या वर्षाचा.

निर्णय

सारांश, पुन्हा परीक्षेला बसू पाहणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. मिळालेले गुण आपल्या नेहमीच्या पातळीहून खरोखरच कमी होते काय? गुण वाढल्यास इच्छित संस्थेचा निर्णय बदलेल काय? आणि येत्या वर्षातील तयारी गेल्या वर्षीपेक्षा नेमक्या कोणत्या बाबतीत निराळी असेल? तिन्ही उत्तरे अनुकूल असतील तर दुसरा प्रयत्न अवश्य करावा, आणि तो शेवटचा कोणता हेही त्याच कागदावर नमूद करून ठेवावे. उत्तरे प्रतिकूल असतील तर हाती आलेला प्रवेश किंवा नोकरी स्वीकारण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. निकालाच्या दिवशी मन क्षुब्ध असते. परीक्षेची नोंदणी साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होते. मधले महिने शांतपणे विचार करण्यास पुरेसे आहेत. आईवडिलांनीही त्या काळात मुलाला आग्रह करण्याऐवजी हा हिशेब त्याच्यासमवेत बसून करावा.