मॅच केबलवरून मोबाइलवर गेली, मग गावातल्या धंद्याचं काय?



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा होता: "सर, केबलचा धंदा आता घ्यावा का? एक जण कनेक्शनसकट विकतोय." त्याला जोडूनच दुसरा प्रश्न: "मॅच दाखवून हॉटेलची गर्दी वाढवता येईल का?" व्हिडिओत दोन्हीची उत्तरं थोडक्यात दिली होती. इथे हिशोबासकट सविस्तर बघू.

उदाहरण म्हणून मुळशीतलं उरवडे घेऊ. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेलं गाव. एका बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं, दुसऱ्या बाजूला कंपन्यांत कामाला आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं. अशी गावं पुण्याच्या आजूबाजूला कितीतरी आहेत, कदाचित तुमचंही त्यातलंच असेल. खालचा केबलवाला आणि त्याचे आकडे मात्र मी समजण्यासाठी धरलेले आहेत.

आधी समजून घ्या: पैसा कुठून कुठे गेला?

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये आयपीएलच्या पुढच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. फक्त डिजिटल हक्कांसाठी फेसबुकने ३,९०० कोटी रुपयांची बोली लावली होती. पण स्टार इंडियाने टीव्ही, डिजिटल असं सगळं मिळून १६,३४७.५० कोटींची एकत्र बोली लावली आणि हक्क घेतले. तेव्हा मॅच म्हणजे टीव्ही, आणि मोबाइल म्हणजे वरची चटणी.

पाच वर्षांनी, जून २०२२ मध्ये, बीसीसीआयने टीव्ही आणि डिजिटल वेगवेगळे विकले. भारतातले टीव्ही हक्क डिस्ने स्टारने २३,५७५ कोटींना घेतले, म्हणजे एका मॅचचे ५७.५ कोटी. भारतातले डिजिटल हक्क वायाकॉम १८ ने २०,५०० कोटींना घेतले, म्हणजे एका मॅचचे ५० कोटी. ३,९०० ची बोली कुठे आणि २०,५०० कुठे! पाच वर्षांत चटणीचा भाव भाकरीच्या बरोबरीला आला.

मधल्या काळात काय झालं? २०१५ मध्ये हॉटस्टार आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. कंपनीत दुसऱ्या पाळीला असलेल्या पोराला घरच्या टीव्हीचा उपयोग काय? त्याची मॅच त्याच्या खिशात हवी होती.

भाषेचाही मुद्दा आहे. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवली आणि बारा भाषांत कॉमेंटरी दिली. त्यात मराठी होती, तशीच भोजपुरी आणि ओडियाही होती. आपला केदार जाधव तर तिथे मराठीत कॉमेंटरी करत होता आणि त्याच सीझनमध्ये बंगळुरूच्या टीमने त्याला खेळायला बोलावून घेतलं! आता विचार करा. गावातल्या एकाच केबलवर मराठी आजोबा आणि ओडिशाचा कामगार दोघांनाही त्यांच्या भाषेतली मॅच देणं अवघड होतं. मोबाइलवर ते एका बोटाचं काम झालं.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला वर्ल्ड कपची फायनल झाली. हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक ती बघत होते.

फुकट म्हणजे फुकट नसतं

इथे धंद्याचा पहिला धडा आहे, लिहून ठेवा.

२०,५०० कोटी मोजून कोणी फुकट का दाखवेल? कारण त्यांना त्या दिवशी पैसे नको होते, सवय हवी होती. मॅच फुकट, पण डेटा खर्च होतोच. जाहिराती दिसतातच. आणि एकदा माणूस मोबाइलवर मॅच बघायला लागला की परत केबलचं रिचार्ज करायचा कंटाळा करतो.

पुढे दोन्ही कंपन्यांचा व्यवसाय एकत्र झाला आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं. त्या वर्षीच्या आयपीएलच्या वेळी मोबाइलचा सुरुवातीचा प्लॅन तीन महिन्यांसाठी १४९ रुपयांचा होता. म्हणजे आधी सवय, मग किंमत.

तुम्ही हे करू शकता का? नाही! त्यांच्याकडे तोटा सहन करायला हजारो कोटी आहेत. तुमच्याकडे सोसायटीचं कर्ज आणि बायकोचे दागिने आहेत. मोठ्याचं बघून फुकट वाटायला जाऊ नका.

केबलवाल्याला मॅचमधून मिळायचं काय?

आता खरा हिशोब. २०१९ मध्ये ट्रायचे नवे दर लागू झाले. तेव्हा सुरुवातीच्या १०० चॅनेलसाठी जोडणीचा दर जास्तीत जास्त १३० रुपये होता, वर जीएसटी. पे चॅनेलचे पैसे वेगळे. वरची मोठी केबल कंपनी आणि गावातला ऑपरेटर यांच्यात वेगळा करार नसेल, तर या १३० मधले ५५ टक्के वरच्या कंपनीला आणि ४५ टक्के गावातल्या ऑपरेटरला. म्हणजे त्याच्या हातात यायचे ५८ रुपये ५० पैसे.

आणि क्रीडा चॅनेल? समजा चॅनेलची किंमत १९ रुपये आहे. त्यात वितरणाचा वाटा किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे. त्याचे ४५ टक्के, म्हणजे १ रुपया ७१ पैसे गावातल्या माणसाला.

परत वाचा. ज्या मॅचसाठी लोक केबल घ्यायचे, त्या मॅचमधून केबलवाल्याला थेट मिळायचे पावणेदोन रुपये. पण ती मॅच गेल्यावर ग्राहक सोडून जाताना जायचे ते ५८ रुपये ५० पैसे.

उरवड्यात आपला एक केबलवाला आहे असं समजा. ३०० कनेक्शन, महिन्याला १७,५५० रुपये. त्यातली १२० तुटली. राहिले १०,५३०. उत्पन्न ७,०२० रुपयांनी कमी झालं, पण वायर ओढणाऱ्या पोराचा पगार तोच, गाडीचं पेट्रोल तेच, पावसात तुटलेली वायर तेवढीच. वर लोकल चॅनेलवर क्लासच्या आणि वाढदिवसाच्या जाहिराती यायच्या, त्याही आटल्या. बघणारेच कमी झाल्यावर जाहिरात कोण देणार?

चूक त्याची होती का? तो प्रामाणिक होता, मेहनती होता. चूक एवढीच की ग्राहक आपला आहे असं त्याला वाटलं. ग्राहक मॅचचा होता. त्याच्या मालकीच्या गोष्टी दोनच होत्या: घरापर्यंत गेलेली वायर आणि "दादा, टीव्ही दिसत नाहीये" म्हणून येणारा फोन. म्हणजे पोहोच आणि विश्वास.

मग केबलचा धंदा विकत घ्यावा का?

कनेक्शनच्या आकड्यावर किंमत ठरवू नका. विकणारा "तीनशे कनेक्शन आहेत" म्हणेल. तुम्ही तीन गोष्टी मागा: मागच्या १२ महिन्यांची वसुलीची वही, आज चालू असलेल्या सेट टॉप बॉक्सची यादी, आणि वरच्या कंपनीबरोबरचा करार. मागच्या आयपीएलच्या आधी किती चालू होते आणि नंतर किती, हे बघा. तिथे सगळं कळतं.

नोंदणीही तपासा. आधी हे काम पोस्ट ऑफिसात व्हायचं. जानेवारी २०२५ पासून स्थानिक केबल ऑपरेटरची नोंदणी ऑनलाइन झाली आहे, मुदत पाच वर्षं आणि शुल्क पाच हजार रुपये. विकणाऱ्याची नोंदणी तुमच्या नावावर आपोआप होत नसते.

धंद्यात जीव कुठे आहे? वायरमध्ये. मॅच मोबाइलवर गेली, पण मोठ्या टीव्हीवर चांगली बघायची तर इंटरनेट लागतंच. म्हणून बरेच ऑपरेटर एखाद्या इंटरनेट कंपनीचे भागीदार होऊन फायबर देतात. हिशोब असा करा. समजा प्लॅन ४०० चा आणि तुमचा वाटा ४० टक्के, म्हणजे १६०. ६० घरं झाली तर ९,६००. त्यातून चालू खर्च ३,००० गेला, राहिले ६,६००. फायबर आणि मशीनवर दीड लाख घातले असतील तर ते निघायला जवळजवळ २३ महिने लागतील.

दोन वर्षं हा मोठा काळ आहे. त्या काळात वायरशिवाय चालणारं इंटरनेट घेऊन मोठ्या कंपन्या तुमच्या गल्लीत येऊ शकतात. म्हणून आधी फायबर टाकून मग ग्राहक शोधू नका. आधी ३० घरांकडून थोडी आगाऊ रक्कम घ्या. ३० घरं पैसे द्यायला तयार नसतील, तर उत्तर मिळालं! दीड लाख वाचले.

हॉटेलात मॅच दाखवायची?

इथे जपून. घरगुती प्लॅन हा वैयक्तिक वापरासाठी असतो, अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. आपण अटी न वाचता "मान्य आहे" दाबतो. केबलमध्येही व्यावसायिक ग्राहक हा वेगळा प्रकार आहे. आणि तिकीट लावून दाखवणार असाल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३७ लक्षात ठेवा: परवानगीशिवाय, पैसे घेऊन लोकांना प्रक्षेपण दाखवणं हा हक्कभंग आहे. "सगळेच करतात" हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही.

पासवर्ड विकणं, टेलिग्रामच्या चोरट्या लिंक पुरवणं, असले उद्योग तर अजिबात नकोत.

मग कमवायचं कसं? मॅच दाखवू नका, मॅच बघणाऱ्याला सेवा द्या.

पहिलं, जेवण. आयपीएलची रात्रीची मॅच साडेसातला सुरू होते. पहिला डाव साधारण सव्वानऊच्या आसपास संपतो. खोल्यांमधल्या पोरांकडून सात वाजेपर्यंत व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्या, नऊला गरम पार्सल दारात. ऑर्डर आधी असल्याने माल वाया जात नाही. दीड-दोन महिन्यांचा सीझन आहे, त्यासाठी कर्ज काढून गाळा घेऊ नका. घरच्या स्वयंपाकघरातून सुरू करा, अन्न परवाना विभागाची नोंदणी मात्र करून घ्या.

दुसरं, जोडणी. गावात स्मार्ट टीव्ही आला, पण आजोबांना अॅप लावता येत नाही. टीव्हीला वाय-फाय जोडणं, अॅप लावणं, भाषा मराठी करणं, योग्य प्लॅन समजावून सांगणं याचे शंभर-दीडशे रुपये लोक आनंदाने देतात. लॉगिन मात्र त्यांच्याच नंबरवर करा आणि पैसे त्यांच्याच हाताने भरू द्या. हे काम केबलवाल्याइतकं चांगलं कोण करेल? त्याला घरातली माणसं नावाने ओळखतात.

शेवटी एकच गोष्ट

केबल लगेच मरणार नाही. पाऊस आला की रेंज जाते. स्ट्रीमिंग काही सेकंद मागे असतं, त्यामुळे शेजारच्या केबलवाल्या घरातून "सिक्स!" आधी ऐकू येतो आणि आपल्या मोबाइलवर बॉलर अजून धावतच असतो. पण ग्राहक कुठल्या दिशेने चाललाय हे स्पष्ट आहे.

आज एक वही घ्या आणि तुमच्या धंद्याबद्दल दोन ओळी लिहा. माझा ग्राहक नेमका कशासाठी येतो? आणि ती गोष्ट उद्या दुसऱ्याने स्वस्तात दिली, तर माझ्याकडे काय उरतं? दुसऱ्या ओळीत काहीच लिहिता आलं नाही, तर घाबरू नका. हे आज कळलं, पैसे घालण्याआधी कळलं, हाच फायदा.

तुमच्या दोन ओळी व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात त्यातल्या पाच धंद्यांचा हिशोब आपण एकत्र मांडू.