मेंदूच्या टेलला पाणी पोचते का?



मागल्या हिवाळ्यात आम्ही काही वयस्क सभासद रायगडच्या किनाऱ्याला सहलीला गेलो होतो. अलिबागजवळच्या कनकेश्वराच्या पायऱ्या सातशेच्या आसपास. सत्तरीतले एक सभासद सर्वांच्या पुढे चढले. त्यांच्याहून धाकटे एक जण मात्र मुक्कामी परतल्यावर आपली खोलीच विसरले. त्यांच्या घरचे म्हणाले, "वय झालं, चालायचंच." हे 'चालायचंच' आम्हांस पटले नाही, म्हणून हा लेख.

मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा 2, पण त्याला प्राणवायू लागतो शेकडा 20. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त तिकडे जाते. मेंदूजवळ साठवण तलाव नाही; पाळी चुकली की पीक सुकलेच.

पाटाचे पाणी आपण जाणतो. गाळ साचला की वरच्या शेताला मिळते, टेलचा शेतकरी कोरडा राहतो. मेंदूतही तसेच होते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांनी बारीक रक्तवाहिन्या जाड व अरुंद होतात. मग आतल्या भागांना रक्त कमी पडते. माणूस सावकाश विचार करतो, हिशेबात अडखळतो, चालही मंदावते.

यावर इलाज आहे का? अमेरिकेत 9361 जणांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2019 साली आले. वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120 च्या खाली आणण्याचे ध्येय ठेवलेल्या गटात बुद्धी मंदावण्याचे सौम्य प्रकार सुमारे शेकडा 19 नी कमी आढळले. मात्र गोळी किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवतील. दाब फार उतरला तर चक्कर येते.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे सपाट चहाचा चमचा. किनाऱ्यावरचे सुके बोंबील काय नि आपला खर्डा-पापड काय, मीठ दोन्हीकडे! मिश्री-तंबाखू सोडा, रोज चाला, साखर तपासून घ्या. आपण साखर करतो म्हणून ती रक्तात वाढवायची नसते.

विसरभोळेपणा दरवेळी रक्तवाहिन्यांचाच नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, बहिरेपणा यांनीही तसे होते, नि त्यांवर उपचार आहेत. म्हणून तपासणी हवीच.

पण तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तेल चोळत बसू नका. 108 ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते.

म्हाताऱ्याला हसू नका, दवाखान्यात न्या.